पगारापासून सुरुवात: मराठी माणसासाठी स्पॅनिशचे पहिले धडे

दर महिन्याच्या एक तारखेला अख्खी मुंबई ज्या शब्दाची वाट पाहते, तो स्पॅनिशमध्ये एक साधंसरळ क्रियापद आहे. पागाऽर, म्हणजे पैसे देणे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि मुंबईची बेटं त्यांच्या हाती गेली. पुढे १६६१च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण पगार, पाव, चावी, पाद्री, बिजागरी हे शब्द मात्र कायमचे इथलेच झाले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. त्यामुळे स्पॅनिशमध्ये चावीला याबे म्हणतात, पाद्रीला (आणि वडिलांनाही) पाद्रे, बिजागरीला बिसाग्रा. पावाला म्हणतात पान, तेव्हा माद्रिदमध्ये पान मागितलंत तर ताटात पाव येईल.

मी दादरला रविवारी सकाळी दहा-बारा जणांना स्पॅनिश शिकवते. मी स्वतः शिकले तो वर्ग पूर्णपणे इंग्रजीतून चालायचा. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये. जवळजवळ वर्ष गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की ज्या गोष्टी आम्ही घाम गाळून पाठ करत होतो त्या मराठीत मी रोज बोलत होते. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एकच विनंती असते: इंग्रजीला दाराबाहेर ठेवा. स्पॅनिश थेट मराठीतून शिका. हा लेखही तसाच लिहिला आहे.

एक सूचना. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, कारण आधी ते कानात बसायला हवेत. तुम्ही मात्र वहीत शेजारी त्यांचं मूळ स्पेलिंग शब्दकोशातून बघून लिहा. शब्दात जिथे ऽ दिसेल तिथे जोर द्यायचा. चिन्ह नसेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर.

पहिला आठवडा: फक्त आवाज

या आठवड्यात व्याकरणाला हात लावू नका.

स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ते कुठेही बदलत नाहीत. इंग्रजीत एकाच अक्षराचे पाच उच्चार होतात तसं इथे नाही. लिहिलं तसंच वाचायचं, देवनागरीसारखं. ॲ आणि ऑ हे आवाज स्पॅनिशमध्ये नाहीतच, तेव्हा ‘ग्रॅसिअस’ म्हणू नका. ग्रास्यास म्हणा.

इंग्रजी टी आणि डी दिसले की आपली जीभ ट आणि ड कडे धावते. ही शाळेत लागलेली सवय आहे, ती आधी मोडा. स्पॅनिशमध्ये फक्त त आणि द, आपले दंत्य, दातांना जीभ टेकवून काढलेले. टोमॅटो म्हणजे तोमाते. हॉटेल म्हणजे ओतेऽल, कारण एच हे अक्षर लिहायचं असतं, उच्चारायचं नसतं. भेटल्यावर म्हणतात ते ओला, होला नव्हे. क, त, प हे तिन्ही अल्पप्राण. इंग्रजीच्या सवयीने त्यांच्यामागे हवेचा झोत येतो आणि ख, थ, फ ऐकू येतात. आपण तर पहिलीपासून क आणि ख वेगळे गिरवले आहेत, त्यामुळे हा धडा मराठी माणसाला फुकटात मिळतो.

च बाबत मात्र सावध राहा, कारण मराठीत च दोन आहेत. ‘चार’ मधला वेगळा आणि ‘चाक’ मधला वेगळा. स्पॅनिशला फक्त ‘चार’ मधला चालतो. मूचास ग्रास्यास, म्हणजे खूप आभार, हे आपल्यातले बरेच जण ‘चाक’ च्या च ने म्हणतात आणि समोरचा गोंधळतो. मूचो म्हणताना ‘चोर’ मधला च तोंडात येतो, तो मुद्दाम टाळा. ज आणि झ बद्दल निश्चिंत राहा. इंग्रजी झेड दिसलं तरी स म्हणायचं: बूट म्हणजे सापातो. गुलाब म्हणजे रोसा, रोझा नाही. स्पेनच्या बहुतेक भागात झेडचा आणि ई-आयच्या आधीच्या सीचा उच्चार जीभ दातांमध्ये धरून करतात, लॅटिन अमेरिकेत साधा स. मी स लिहिते आहे, दोन्हीकडे समजतो.

इंग्रजी जे म्हणजे घशातून खरवडलेला ह. घसा साफ करताना जिथे घर्षण होतं, तिथून. काम करणे हे त्राबाहाऽर. स्पेनमध्ये हा ह जास्त खरखरीत ऐकू येतो. जी पुढे ई किंवा आय आला तरी हाच आवाज: लोक म्हणजे हेन्ते. दोन एल जोडून आले की बहुतेक ठिकाणी य, जसं रस्ता म्हणजे काये. अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आइरेसमध्ये मात्र तोच रस्ता काशे होतो. व्ही आणि बी यांचा आवाज एकच, ब. दोन स्वरांच्या मधे ओठ पूर्ण मिटायचे नाहीत, नुसते जवळ आणायचे. ग आणि द यांचंही तसंच. दोन स्वरांमधे आले की ते सैल पडतात.

एनवर नागमोडी रेघ असलेलं अक्षर हे स्पॅनिशची ओळख आहे. तो न्य ‘न्याहारी’ मधला. सकाळ आणि उद्या या दोन्हींना शब्द एकच, मान्याना. ‘धान्य’ म्हणताना आपण न दुप्पट करतो, तसा करू नका. ती रेघ मात्र विसरू नका. वर्ष म्हणजे आन्यो, रेघ गेली तर आनो, आणि त्याचा अर्थ शरीराच्या अशा भागाकडे जातो ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत. वय सांगताना हा शब्द लागतोच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता र. एक आर म्हणजे आपला साधा र. दोन आर, किंवा शब्दाच्या सुरुवातीचा आर, म्हणजे थरथरणारा र्र. पेरो म्हणजे पण, पेर्रो म्हणजे कुत्रा. कारो म्हणजे महाग, कार्रो म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत मोटार. इथे माझ्या वर्गात दर वेळी शांतता पसरते, कारण इंग्रजी माध्यमातली मुलं हा र्र काढायला लाजतात. मागच्या तुकडीत साठी ओलांडलेल्या एक आजी होत्या. लेक वालेंसियाला, नातू तिथेच वाढतोय, म्हणून स्पॅनिश शिकायला आलेल्या. सगळे जिभेशी झगडत असताना त्यांनी उजवा हात वर केला, बोटं हलवली आणि म्हणाल्या, “चिऊताई कशी उडाली? भुर्रऽ.” मुलांना घास भरवताना वर्षानुवर्षं काढलेला आवाज. अगदी तोच र्र. वर्ग क्षणभर थांबला आणि मग सगळ्यांनी एकदम चिऊताई उडवली. तेव्हापासून मी हा आवाज दुसऱ्या कशानेही शिकवत नाही. भुर्र, गर्रकन, टर्रकन म्हणा आणि त्याच जिभेने पेर्रो म्हणा.

आणखी एक गंमत. स्पॅनिशला शब्दाच्या सुरुवातीला स ला जोडून दुसरं व्यंजन चालत नाही, आधी ए हवाच. शाळा म्हणजे एस्क्वेला, स्टेशन म्हणजे एस्तास्योऽन. गावाकडची माणसं इस्टेशन, इस्कूल म्हणतात म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. प्रतिष्ठित स्पॅनिशचा तो नियमच आहे.

जोर कुठे द्यायचा

मराठी माणसाची खरी परीक्षा इथे आहे. मराठीत जोर बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. स्पॅनिशमध्ये पापा म्हणजे बटाटा (लॅटिन अमेरिकेत, स्पेनमध्ये पाताता म्हणतात, आणि आपला बटाटा त्याच घराण्यातला), तर पापाऽ म्हणजे बाबा. पागो म्हणजे मी पैसे देते. पागोऽ म्हणजे त्याने पैसे दिले. हॉटेलात बिल आल्यावर हा फरक चांगलाच महागात पडू शकतो.

नियम छोटा आहे. शब्द स्वराने, न ने किंवा स ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर. बाकी सगळ्या शब्दांत शेवटच्यावर. जो शब्द हा नियम मोडतो, त्याच्या स्वरावर तिरकी रेघ काढलेली असते, ती दिसली की तिथे जोर. यापलीकडे काही नाही.

सरावासाठी लोकल आहेच. घोषणा होते, “पुढील स्टेशन, दादर.” माद्रिदच्या मेट्रोत म्हणतात, “प्रोऽक्सिमा एस्तास्योऽन.” एका शब्दात जोर सुरुवातीला, दुसऱ्यात शेवटाला, आणि दोन्हीवर तिरकी रेघ. दर स्टेशनला मनात म्हणा. अंधेरीहून चर्चगेटला पोचेपर्यंत कान तयार होतो.

पहिलं क्रियापद

आता पागाऽर घ्या. शेवटचा ‘आर’ काढा, उरला ‘पाग’. त्याला शेपट्या लावा:

पागो: मी देतो, देते
पागास: तू देतोस, देतेस
पागा: तो देतो, ती देते, तुम्ही देता
पागामोस: आम्ही देतो
पागान: ते देतात, तुम्ही सगळे देता

जोर सगळीकडे ‘पा’ वर, फक्त पागामोसमध्ये तो ‘गा’ वर सरकतो. हे नीट बघून ठेवा, पुढे कामाला येईल.

मी, तू, तो असे शब्द लावायची गरज नाही. आपण तरी कुठे लावतो? “कुठे चाललास?” यात तू नाहीच, शेपटीवरून कळतं. स्पॅनिशचं तसंच. उलट तिथे देतो-देतेचा भेद नाही, त्यामुळे एक काळजी कमी. मी हा शब्द, यो, वापरायचा तो ठसवायचं असेल तेव्हा, आणि मग तो कुठे येतो पाहा. हॉटेलात चौघं बिलावर तुटून पडतात, तेव्हा आपण म्हणतो, “देते मी!” स्पॅनिश माणूस म्हणतो, “पागो यो!” शब्दांचा क्रमसुद्धा तोच. हे वाक्य इंग्रजीतून शिकवायला गेलं की पाच मिनिटं समजावत बसावं लागतं.

तू आणि तुम्ही हा फरकही आयता मिळतो. तू म्हणजे तूच, उच्चारही तोच. आदरार्थी तुम्ही म्हणजे उस्तेऽद, आणि त्याला क्रियापद तृतीय पुरुषी लागतं: उस्तेऽद पागा. कारण हा शब्द मुळात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनातून झिजून आला. समोर बसलेल्या मोठ्या माणसालाच “सरकार काय म्हणतात?” विचारायची आपल्याकडे रीत होती, तसंच हे. दुकानदार, डॉक्टर, मित्राची आई यांच्याशी सुरुवात उस्तेऽदने करा. स्पेनमध्ये लोक लवकरच तू वर येतात. तेव्हा ते सांगतील, आपण घाई करू नये.

पागाऽर पक्कं झालं की आब्लाऽर (बोलणे), त्राबाहाऽर (काम करणे) आणि कोम्प्राऽर (विकत घेणे) त्याच साच्यात बसवा. दुसरा साचा कोमेऽर (खाणे): कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेन. तिसरा बीबीऽर (जगणे, राहणे): बीबो, बीबेस, बीबे, बीबीमोस, बीबेन. बारकाईने पाहिलंत तर दुसऱ्या-तिसऱ्यात फरक फक्त आम्हीच्या रूपात आहे. नकार करायचा तर आधी नो लावा: नो पागो, मी देत नाही. प्रश्न करायचा तर नुसता सूर चढवा.

अस् आणि स्था

स्पॅनिशमध्ये ‘आहे’ साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्ताऽर. बहुतेक ठिकाणी सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्ताऽर. हा नियम मला पटत नाही. मेलेल्या माणसासाठीही एस्ताऽरच लागतं, आणि मरणाइतकं कायमचं काय असतं?

त्यापेक्षा संस्कृत धातू आठवा. सेरची एस (आहे) आणि सोन (आहेत) ही रूपं अस्ति, सन्ति यांच्या कुळातली, आपल्या असणे या क्रियापदाच्या कुळातली. एस्ताऽर हे स्था धातूच्या कुळातलं. ज्याला मराठीत स्थान किंवा स्थिती म्हणता येईल, तिथे एस्ताऽर. रेल्वेच्या पाटीवरचं ‘स्थानक’ आणि स्पॅनिशमधलं एस्तास्योऽन हेही याच मुळाचे.

सेर: सोय, एरेस, एस, सोमोस, सोन.
एस्ताऽर: एस्तोऽय, एस्ताऽस, एस्ताऽ, एस्तामोस, एस्ताऽन.

सोय दे बोम्बाऽय, मी मुंबईची. ही ओळख झाली, म्हणून सेर. एस्तोऽय एन बोम्बाऽय, मी मुंबईत आहे. हे स्थान, म्हणून एस्ताऽर. एस्तोऽय कान्सादा, मी थकलेली आहे. ही स्थिती. (पुरुष म्हणेल कान्सादो. थकलेला-थकलेलीचा भेद इथे मात्र आहे.) मेलेला ही सुद्धा देहाची स्थितीच, म्हणून एस्ताऽ म्वेर्तो. एकच अपवाद लक्षात असू द्या. कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर येतं: पार्टी माझ्या घरी आहे, ला फ्येस्ता एस एन मी कासा.

मला आवडतं

इंग्रजीतून शिकणारे या प्रकरणात महिनोन्महिने अडकतात आणि मराठी माणसाला ते दहा मिनिटांत जमतं. मे गुस्ता एल ते, मला चहा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. क्रियापद माझ्याप्रमाणे नाही, चहाप्रमाणे आणि आंब्यांप्रमाणे बदलतं. मला, तुला, त्याला-तिला, आम्हाला, त्यांना यांच्यासाठी मे, ते, ले, नोस, लेस.

याच वाटेने पुढे जा. मे पारेसे, मला वाटतं. मे एन्कान्ता, मला फारच आवडतं. मे द्वेले ला काबेसा, माझं डोकं दुखतंय. विरारहून उभ्याने आलात तर मे द्वेलेन लोस प्येस, कारण पाय दोन आहेत.

इथे मराठीवर भरवसा टाकल्याने होणारी एक चूक सांगते. मला भूक लागली, तहान लागली, थंडी वाजते, घाई आहे, यांना मे लागत नाही. तिथे तेंगो, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’: तेंगो आम्ब्रे, तेंगो सेद, तेंगो फ्रीऽओ, तेंगो प्रीसा. वयसुद्धा असंच, तेंगो त्रेंता आन्योस, मी तीस वर्षांची. आमच्या आजींनी हे वाक्य घरातल्या डब्यावर चिकटवून पाठ केलं होतं: “भूक माझ्याकडे आहे.”

आणखी तीन, आणि मग बोलायला लागा

असणे (जवळ): तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, त्येनेन.
हवं असणे: क्येरो, क्येरेस, क्येरे, केरेमोस, क्येरेन.
जाणे: बोय, बास, बा, बामोस, बान.

पहिल्या दोन ओळींत ए चा ये होतो, पण आम्हीच्या रूपात होत नाही. कारण वर सांगितलेला जोर. जोर मुळावर असेल तेव्हा स्वर फुटतो, आम्हीच्या रूपात जोर शेपटीवर सरकतो, म्हणून स्वर शाबूत राहतो. (तेंगो आपल्या वाटेने जातं, ते पाठच करा.) दुखणे हे द्वेले का होतं, त्याचंही उत्तर हेच, फक्त तिथे ओ फुटून वे होतो.

बोय पुढे आ आणि मग मूळ क्रियापद लावलं की भविष्यकाळ तयार: बोय आ कोमेऽर, मी जेवणार आहे. आणि काही मागताना क्येरोऐवजी किस्येरा म्हणा. किस्येरा उन काफेऽ, मला एक कॉफी हवी होती. नम्रतेसाठी आपणही ‘हवी आहे’ चं ‘हवी होती’ करतोच की.

शब्दकोश घ्यायचा तर फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुने मिळतात, पण १९९४ आधीचा असेल तर च चे शब्द सीच्या पानांत शोधू नका. तेव्हा ते वेगळं अक्षर मानत, म्हणून ते सीचे सगळे शब्द संपल्यावर येतात. २०१०च्या नियमांनुसार वर्णमाला २७ अक्षरांची आहे. पुढे परीक्षा द्यावीशी वाटली तर देले ही स्पॅनिश सरकारची प्रमाणपत्र परीक्षा आहे. ती इन्स्तितूतो सेर्बान्तेस ही स्पेनची भाषासंस्था घेते, त्या संस्थेचं भारतातलं केंद्र दिल्लीत आहे आणि परीक्षेची पहिली पातळी ए-वन. या लेखातली क्रियापदं त्या पातळीच्या पायात येतात.

दिवसाला वीस मिनिटं पुरतात, पण मोठ्याने. डोळ्यांनी वाचलेलं स्पॅनिश जिभेवर येत नाही. महिनाअखेरीस खालची वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना तीनच गोष्टी तपासा: कुठे ट-ड आले का, च चाकाचा झाला का, जोर जागच्या जागी पडला का.

मे यामो, आणि पुढे तुमचं नाव. सोय दे बोम्बाऽय. बीबो एन दादर. त्राबाहो एन उन बांको. मे गुस्ता एल ते. आब्लो मारातीऽ इ उन पोको दे (आणि थोडंसं) एस्पान्योऽल.